अजमलीन : हकीमसाहेबांच्या नावाचा रेणू

मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. तरी शाळेच्या विज्ञानातला कार्बनी संयुगांचा धडा मला आवडतो, कारण तिथे माणसांसारखीच घराणी आहेत. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट जोडला की अल्कोहोलचं घराणं, कार्बोक्सिल गट आला की आम्लांचं, नायट्रोजनचा आला की अमाइनांचं. साखळी लांब-आखूड होते, घराण्याचा स्वभाव मात्र तो गट ठरवतो.

यातल्या काही नावांत अरबी ‘अल’ बसलेला आहे. अल्कोहोल म्हणजे अल-कुहल, आपला सुरमा. बारीक पुडीवरून तो शब्द अर्काकडे सरकत गेला. अल्कली म्हणजे खाऱ्या जमिनीवरच्या झुडपांची राख. मराठीतल्या ‘अल्कधर्मी’चं मूळही तेच. आपल्याकडे जलशांमधून ही यादी मोठ्या अभिमानाने ऐकवली जाते. मला तो अभिमान स्वस्तातला वाटतो. शब्द पूर्वजांनी दिले, त्यात आपण काय केलं? त्यापेक्षा गेल्या शतकातली दिल्लीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

त्या राखेवरूनच १८१९ मध्ये माइसनर या जर्मन औषधनिर्मात्याने ‘अल्कलॉइड’ हे नाव पाडलं. वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजन असलेली आणि बहुतेक आम्लारीसारखी वागणारी ही संयुगं. अफूतलं मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन याच घराण्यातले. त्यांच्या स्वभावातच त्यांना पकडण्याची युक्ती आहे. आम्ल घातलं की त्यांचा क्षार होऊन पाण्यात उतरतो; मग अल्क घातलं की मूळ संयुग पुन्हा सुटं होतं.

दिल्लीचे हकीम अजमल खान खानदानी युनानी वैद्य. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष, जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती. पण त्यांचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम वेगळंच आहे. आपल्या जडीबुटींची तपासणी आधुनिक प्रयोगशाळेत व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या स्वतःहून परीक्षेला बसवायला छाती लागते. औषधी अख्खीच गुणकारी, तिचे तुकडे करू नयेत, असं म्हणणारे आजही भेटतात.

या कामासाठी त्यांची नजर सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुणावर होती. अलीगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकलेला, चित्रं काढणारा हा मुलगा जर्मनीत रसायनशास्त्राकडे वळला होता. १९२७ मध्ये फ्रँकफर्टला त्याची डॉक्टरेट झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हकीमसाहेबांचा इंतकाल झाला. सिद्दीकी परतले आणि करोलबागच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी संशोधन सुरू केलं, पण काम दाखवायचं ज्यांना, तेच उरले नव्हते.

त्यांनी हाती घेतली सर्पगंधा, युनानीतली असरोल. वेड आणि निद्रानाशावरची ही जुनी मुळी. १९३१ मध्ये तिच्यातून त्यांनी एकामागून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांचे दोन गट पाडले : पांढऱ्या स्फटिकांचे सौम्य आम्लारी आणि पिवळ्या स्फटिकांचे तीव्र आम्लारी. पिवळ्या गटातल्या एकाला वनस्पतीच्या लॅटिन नावावरून ‘सर्पेंटाइन’ म्हटलं. पांढऱ्यांची नावं ठेवली अजमलीन, अजमलीनीन, अजमलीसीन. एकाच मुळीतल्या तीन रेणूंना एका माणसाचं नाव! उस्तादाला, मोहसिनाला याहून टिकाऊ नजराणा कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचे डोळे या मुळीकडे वळले. त्यामागचं मुख्य अल्कलॉइड, रेसर्पीन, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने वेगळं केलं. ते सिद्दीकींच्या हातून निसटलं होतं, हे खरं. त्याआधीच, १९५१ मध्ये, ते पाकिस्तानात गेले होते. तिथल्या विज्ञानसंस्था त्यांनी उभ्या केल्या, आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. त्यामुळे इकडे त्यांचं नाव घेणारे थोडे, आणि तिकडे दिल्लीची वर्षं सांगणारे थोडे.

अजमलीन मात्र दोन्हीकडे चालतं. ब्रुगाडा नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा आजार लपून बसला असेल, तर काही देशांत डॉक्टर आजही हेच औषध शिरेतून देऊन ईसीजी बघतात.