नावांची वही आणि न्हावा-शेवा

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरी कपाटाच्या खालच्या खणातून एक वही बाहेर निघत असे. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या दुकानात असते तशी. तिच्यात नातेवाइकांची, वडिलांच्या स्नेह्यांची आणि ज्यांच्याशी भांडण झाले असूनही पत्र पाठवणे भाग असे अशा काही मंडळींची नावे नि पत्ते. माझे अक्षर बरे म्हणून शुभेच्छापत्रांवर पत्ते घालण्याचे काम माझ्याकडे. वही वडिलांची, तिच्यात खाडाखोड करण्याचा अधिकार फक्त त्यांचा.

त्या वहीवरून आमच्या मुलखाचा इतिहास लिहिता येईल, असे मला पुष्कळदा वाटते. ‘जिल्हा कुलाबा’ खोडून वर ‘रायगड’ लिहिलेले आहे; हा बदल १९८१ सालचा. जुन्या पत्त्यांखाली निराळ्या शाईत सहा आकडे घातलेले आहेत. ती पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती ज्यांच्या कल्पनेतून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच. टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे कवी! कवीने आकड्यांत देश बांधावा, ही मौज माझ्यासारख्या मास्तराला फार आवडते.

पण त्या वहीतली सर्वांत जास्त खाडाखोड एका नावापुढे आहे. शेव्याच्या मावशीच्या. तिच्याकडे मी पुढे येतोच.

वही एक होती तोवर तंटा नव्हता. पुढे आईने त्यातली निवडक नावे भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूस उतरवून घेतली आणि घोटाळा सुरू झाला. वडील वहीत पत्ता दुरुस्त करीत, पण भिंतीवर जुनाच राही. आई कोणाचा नवा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर टिपून ठेवी, आणि वहीला त्याचा पत्ता नसे. दोहोंपैकी खरे कोणते? वडील म्हणत वही. आई म्हणे, ‘ज्यात शेवटी लिहिले ते खरे.’ आज वाटते, आईने नकळत एका मोठ्या शास्त्राचे सूत्रच सांगून टाकले होते.

कारण आज आपल्या प्रत्येकाच्या घरी हाच तंटा आहे. फक्त वह्या यंत्रांत शिरल्या आहेत. नावे मोबाइलमध्ये, तीच संगणकात, आणि तीच दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रांत असलेल्या आपल्या खात्यात. या तिन्ही याद्या एकसारख्या ठेवायच्या, यालाच मुले ‘सिंक करणे’ म्हणतात. १९९६ साली पाम नावाच्या कंपनीने तळहातावर मावणारी एक टिपणवही काढली. ती एका छोट्या पाळण्यात ठेवून कळ दाबली की तिच्यातली आणि संगणकातली नावे एकमेकांशी जुळत. पुढे २००० साली नोकिया, एरिक्सन, आय.बी.एम. आदी कंपन्यांनी मिळून या जुळवणीची एक सामाईक भाषा ठरवण्याचे मनावर घेतले. नाहीतर एकाचा फोन दुसऱ्याच्या संगणकाशी बोलेना. आज पाळणाही गेला आणि कळही गेली. जुळवणी आपली आपण, न विचारता, रात्रंदिवस होत असते.

तिचे तंत्र ऐकायला सोपे आहे. प्रत्येक नावाला एक खूण असते आणि त्यात शेवटचा बदल केव्हा झाला याची नोंद असते. दोन यंत्रे भेटली की खुणा ताडून पाहतात. ज्याचा बदल नंतरचा, त्याचे बहुधा खरे धरतात. आईचेच सूत्र! अडचण येते ती पुसण्यात. एका यादीत नाव आहे आणि दुसरीत नाही, तर ते पहिलीत नव्याने आले की दुसरीतून पुसले गेले? हे कळावे म्हणून यंत्र पुसलेल्या नावाच्या जागी एक चिरा मांडून ठेवते. या शास्त्रातली मंडळी त्याला थडग्याचा दगडच म्हणतात. तो दगड पाहून बाकीची यंत्रेही ते नाव पुसतात. म्हणजे पुसणे हीसुद्धा एक बातमीच आहे, आणि ती तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते.

आता न्हावा-शेव्याकडे वळू.

बाहेरच्या माणसाला हे एकच गाव वाटते. वस्तुतः न्हावे पनवेल तालुक्यात आणि शेवे उरणात. दोघांची नावे जोडली ती बंदराने. शेती, मिठागरे आणि मासळी यांवर जगणारा हा खाडीकाठ. जमिनी संपादण्याच्या काळात, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेव्याची वस्ती उठली. तिथल्या कोळीवाड्यातली कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नावाने वसवली गेली, आणि घरांना लागलेल्या वाळवीशी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला. पत्ता बदलणे म्हणजे काय, हे या लोकांना कोणी यंत्राने शिकवायला नको.

बंदरात २००६ साली आणखी एक धक्का सुरू झाला. गेटवे टर्मिनल्स हे त्याचे नाव. त्यात डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाचा मोठा वाटा. जगातल्या कंटेनर वाहतुकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या काळी या एका घराण्याच्या जहाजांवर होता. कंटेनर म्हणजे नुसती लोखंडी पेटी. अंगावर चार अक्षरे नि सात आकडे. आत साड्या आहेत की सुटे भाग, ती कोणाची, कोणत्या जहाजावर चढायची, हे पेटीला ठाऊक नसते, संगणकाला असते. संगणक गेला की हजारो पेट्या एकाच क्षणी अनोळखी होतात.

२७ जून २०१७ रोजी नेमके तेच झाले. युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याची एक संगणकीय प्रणाली सर्रास वापरली जाई. तिच्या नेहमीच्या सुधारणेच्या वाटेने एक विध्वंसक विषाणू सोडला गेला. पुढे त्याला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. हे रशियाच्या लष्कराचे काम, असा आरोप ब्रिटन आणि अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडपणे केला. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ती प्रणाली एका संगणकावर होती. तेवढी फट पुरली. कंपनीच्या ७६ धक्क्यांपैकी १७ ठप्प झाले आणि त्यांत आमच्या खाडीकाठचा धक्काही होता. भांडण कोणाचे, आणि पावसात ट्रेलर अडकले कुठले! बंदराने काही माल दुसऱ्या धक्क्यांकडे वळवला. बाकीचे काम जमेल तसे हातांनी चालू राहिले.

अशा वेळी माणसे पहिल्याने काय करतात? एकमेकांना फोन. पण कचेऱ्यांतले फोन संगणकांच्याच जाळ्यावर चालत होते. ते मुके झाले. खिशातले मोबाइल शाबूत होते, तर त्यांतली नावेच नाहीशी झालेली! कंपनीचे संगणक विभागप्रमुख ॲडम बँक्स यांनी पुढे याचे कारण सांगितले. मोबाइलमधली नावे कचेरीतल्या टपालप्रणालीशी जुळवलेली होती. मूळ गेले आणि जुळवणीने आपले काम चोख बजावले: तिकडे नाही, म्हणून इकडेही नको. हातात चालू फोन आणि लावायला एकही नंबर नाही, अशी जगभरच्या अधिकाऱ्यांची स्थिती झाली.

याहून मोठा घोळ आत होता. कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कोणत्या दारातून आत सोडायचे, ही सर्व नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक जगभर पसरलेले होते. आपण त्यांना दफ्तरदार म्हणू. दीडशेही दफ्तरदार सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर बाकीचे आहेत, या भरवशावर सगळे निर्धास्त. सगळे एकाच वेळी जातील, हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

लंडनजवळच्या मेडनहेड गावी दुरुस्तीला बसलेल्या माणसांनी जगभर विचारणा केली, तेव्हा एकच दफ्तरदार जिवंत सापडला. तो होता आफ्रिकेत, घानामध्ये. विषाणू येण्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून तुटलेला होता! आमच्याकडे वीज गेली की आम्ही मंडळाला लाखोली वाहतो. तिकडे तिने एका जागतिक कंपनीची अब्रू राखली. घानाहून ती नोंद तारेने पाठवावी तर वेग फार मंद. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा परवाना नव्हता. तेव्हा एकजण ती तबकडी घेऊन विमानाने नायजेरियास गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो साडेसहा तास उडून लंडनला पोहोचला. आपल्या जुन्या डाकेतला हरकारा पुढच्या हरकाऱ्याच्या हाती थैली देई, त्यातलाच प्रकार. अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी दावोसच्या सभेत जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्सच्या घरात गेले.

ही हकीकत मला आधी ठाऊक असती तर बरे झाले असते. मी एकदा सुटीत संगणकासमोर बसून नावांची साफसफाई केली. एक नाव दोनदा, तीनदा आलेले. काही क्रमांक बंद पडलेले. काही माणसे गेलेली. ही संगणकातली नक्कल, अस्सल फोनमध्ये आहे, अशा समजुतीत मी सपासप पुसत गेलो. दोन महिन्यांनी फोनमध्ये वडिलांचे नाव शोधले. लावायचा नव्हताच तो. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. नुसते बघायचे होते. नाव नव्हते. मुलीने सांगितले, ‘बाबा, पुसलेले नाव तीस दिवस राहते, मग कायमचे जाते.’ दोष कोणाचा म्हणावा? नक्कल नि अस्सल असा भेद यंत्राला ठाऊकच नव्हता.

तेव्हापासून मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळी नावे एका फाइलमध्ये उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवतो, जो एरवी कशालाच जोडत नाही. मुलीच्या आग्रहावरून तिची छापील प्रतही काढतो. व्यापाऱ्यांच्या वह्यांना हळदकुंकू लागते, तसे या कागदांनाही लागते. बायको हसते.

लाल वही मात्र अजून खालच्या खणात आहे. शेव्याच्या मावशीपुढे तीन पत्ते आहेत: पहिला शेव्याचा, दुसरा वस्ती उठल्यावरचा, तिसरा मुलाकडे राहायला गेली तेव्हाचा, पनवेलचा. पहिले दोन वडिलांनी एकेक रेघ मारून खोडलेले आहेत. रेघेखालून ते अजून स्वच्छ वाचता येतात.