गर्भपात : लपलेल्या आकड्यांचा इतिहास



नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यांत, मोसम नदीच्या कांठीं, नामपूर हें बाजाराचें गांव आहे. तेथें कांद्याचा भाव लिहिला जातो, डाळिंबांची आवक मोजली जाते, जन्म आणि मृत्यु सरकारी दप्तरांत नोंदले जातात. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं, ती अशा गांवांत घडते, पुण्या-मुंबईंत घडते आणि जगाच्या पाठीवर सर्वत्र घडते. तिची पुरी नोंद मात्र कोठेंच सांपडत नाहीं. ती गोष्ट म्हणजे गर्भपात. आपोआप होणारा गर्भपात हा निसर्गाचा भाग झाला. आज ज्याविषयीं बोलावयाचें तो मुद्दाम करविलेला गर्भपात. गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत कायद्यानें त्याविषयीं काय केलें, स्त्रियांवर काय प्रसंग आले, आणि त्यांची मोजदाद कोणीं व कशी केली, हें महाराष्ट्राच्या इतिहासांतून पाहूं.

प्रथम कायदा. हिंदुस्थानचा दंडसंग्रह १८६० सालीं मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. त्याच्या ३१२ व्या कलमानें, स्त्रीचा जीव वांचविण्याच्या प्रामाणिक हेतूवांचून गर्भपात करविणारास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली. पोटांतील गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर ही मुदत ७ वर्षांपर्यंत जाई. स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीहि याच कलमाखालीं अपराधी ठरली. मेलेलें मूल गुपचूप पुरून जन्म लपविणें हाहि ३१८ व्या कलमानें गुन्हा झाला. दुसरीकडे १८५६ सालीं विधवाविवाहास कायद्याची मोकळीक मिळाली होती. परंतु ब्राह्मणादि जातींत ती बहुतांशीं कागदावरच राहिली. बालपणीं विधवा झालेल्या मुलीस पुन्हां संसार नाहीं, आणि तिच्यावर कोणाची वाईट नजर पडून दिवस राहिले तर सुटकेची वाटहि नाहीं, अशी ही कोंडी होती.

या कोंडीचें एक उदाहरण पुण्याच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. काशीबाई नांवाची एक ब्राह्मण विधवा, जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनीं तिला फशीं पाडलें. दिवस राहिल्यावर तिनें औषधें घेऊन पाहिलीं. तीं लागू पडलीं नाहींत. मूल जन्मास आल्यावर अब्रूच्या भीतीनें तिनें त्याचा जीव घेतला व तें विहिरींत टाकलें. खटला झाला आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानास पाठविण्यांत आलें. शास्त्रीबुवांच्या वाट्यास कोणतीहि शिक्षा आल्याचें ऐकिवांत नाहीं.

या प्रसंगानंतर लागलीच, १८६३ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्याच घराच्या आवारांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा येथेंच ठेवावें, अशी जाहिरात त्यांनीं गांवांत लावली. सावित्रीबाई या बाळंतिणींची सेवा करीत. पुढें १८७४ सालीं दुसऱ्या एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तोच डॉक्टर झालेला यशवंत. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंचा अंत झाला, तेव्हां हाच मुलगा त्यांच्याजवळ वैद्याचें काम करीत होता.

आतां आकड्यांकडे वळूं. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणावर मत देतांना जोतीरावांनीं आपल्या या गृहाचा हिशेब दिला आहे. तोंवर तेथें ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जगलीं आणि ३० दगावलीं. दगावण्याचें कारणहि त्यांनीं सांगितलें : दिवस लपविण्यासाठीं आयांनीं आधीं जीं विषारी औषधें घेतलीं असलीं पाहिजेत, त्यांनीं गर्भास पोटांतच इजा झाली होती. हे आकडे लहान आहेत. परंतु ते बरेंच बोलतात. कायद्याचा धाक असतांहि यांतील बहुतेक स्त्रियांनीं गर्भ पाडण्याचा यत्न केलाच होता. तो फसल्यावर त्या या दारीं आल्या. ज्यांचा यत्न सफल झाला, किंवा ज्या त्या यत्नांतच मेल्या, त्या या ३५ मध्यें नाहींतच. त्या काळच्या उपायांत विषारी मुळ्या, तीव्र रेचकें आणि सुईणीनें गर्भाशयांत घातलेली काडी यांचा उल्लेख न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत येतो. त्यांनीं गर्भ जाईल कीं आई जाईल, याचा भरंवसा नसे.

पुढील प्रयत्नहि याच दिशेचे होते. पंढरपुरास १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें अनाथ बालकाश्रम निघाला व प्रार्थना समाजानें त्याचा भार उचलला. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस आपल्या मुलाची हत्या केल्याबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झाली, ती अपिलांत कमी झाली. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. दोष एकट्या स्त्रीचाच कसा, हा त्यांचा रोखठोक सवाल होता.

विसाव्या शतकांत प्रश्नानें नवें रूप घेतलें. गर्भ राहूंच नये यासाठीं ज्ञान द्यावें, या मताचे प्रा. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३८ च्या नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पक्षातर्फें पी. जे. रोहम यांनीं मुंबई विधिमंडळांत संततिनियमनाच्या सोयी सरकारनें कराव्या असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. म्हणजे प्रतिबंधाची वाट अरुंद, आणि गर्भपाताची वाट गुन्ह्याची, ही स्थिति स्वातंत्र्यानंतरहि बरीच वर्षें टिकली.

तिला छेद देण्याचें काम ज्या समितीनें केलें, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. १९६४ सालीं नेमलेल्या या समितीनें १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. गुन्ह्याची नोंद कोण देणार? म्हणून समितीनें अंदाजाची रीत धरली. दर ७३ जिवंत जन्मांमागें २५ गर्भपात होतात, त्यांपैकीं १० आपोआप व १५ करविलेले, असें प्रमाण धरून ५० कोटि लोकसंख्येच्या देशांत वर्षास ६५ लक्ष गर्भपात होत असावेत व त्यांतील ३९ लक्ष करविलेले असावेत, असें तिनें मांडलें. हा आकडा मोजलेला नव्हे, अनुमानिलेला आहे, हें विसरूं नये. तरीहि शतकभराची बंदी असतां अशा अनुमानाची वेळ यावी, यांतच बंदीचें अपयश दिसून येतें.

त्यांतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्यापूर्वीं रशियानें १९२० सालीं व ब्रिटननें १९६७ सालीं अशी वाट मोकळी केली होती. आपल्या कायद्यानें १२ आठवड्यांपर्यंत एका व २० आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानें गर्भपातास मुभा दिली. २०२१ च्या दुरुस्तीनें २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें मत पुरें झालें आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या इत्यादि स्त्रियांसाठीं मर्यादा २४ आठवड्यांवर गेली. गर्भांत गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मतानें त्यापुढेंहि मुभा आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रीसहि हा लाभ आहे असा निर्णय दिला. सज्ञान स्त्रीस पतीची संमति लागत नाहीं, आणि तिचें नांव उघड करणें हा डॉक्टराचा अपराध आहे.

साधनेंहि पालटलीं. गर्भाशय खरवडण्याच्या शस्त्रक्रियेच्या जागीं शोषणाची अधिक निर्धोक पद्धति आली, आणि २००२ पासून गोळ्यांच्या औषधास सरकारी मान्यता मिळाली. २०१५ सालाविषयींच्या एका मोठ्या अभ्यासानें देशांत १ कोटि ५६ लक्ष गर्भपात झाल्याचा अंदाज केला. त्यांतील सुमारें ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झालेले. सहा राज्यांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या सुमारास सरकारी नोंदींत येणारी वार्षिक संख्या जेमतेम ७ लक्ष होती. म्हणजे कायद्याला पन्नास वर्षें होत आलीं तरी बहुतेक स्त्रिया नोंदवहीच्या बाहेरच होत्या.

याचें एक कारण आपल्या भाषेंतहि आहे. मुलगी आहे हें तपासून गर्भ पाडण्याची दुष्ट चाल रोखण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत पहिला कायदा केला. १९९४ सालीं केंद्राचा कायदा झाला. धोका खरा होता : सहा वर्षांखालील १००० मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ अशी घसरत गेली. परंतु ‘भ्रूणहत्या’ हा एकच शब्द सरसकट वापरल्यानें लिंगतपासणीचा गुन्हा व कायदेशीर गर्भपात यांची गल्लत झाली. डॉक्टर कचरूं लागले, आणि अडचणींतील स्त्री पुन्हां चोरवाटेकडे वळली.

मतभेद राहणारच. गर्भधारणेपासूनच जीव मानणारे लोक गर्भपातास पाप म्हणतात. धर्मशास्त्रांनींहि त्यास महापातकांत गणलें आहे, आणि त्या श्रद्धेमागची जीवाविषयींची आस्था आदरास पात्र आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्या देहांत गर्भ वाढतो त्या स्त्रीच्या जिवाचा व इच्छेचा विचार आधीं हवा. आपला कायदा या दोहोंच्या मधोमध उभा आहे : जुनें ३१२ वें कलम जुलै २०२४ पासून न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमांत कायमच आहे, आणि १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद आहे. निर्णयासाठीं आजहि डॉक्टराचें मत लागतें. कोणी कोणत्याहि पक्षाचा असो, इतिहासाची साक्ष त्यानें डावलूं नये. शिक्षेच्या धाकानें गर्भपात थांबला नाहीं; तो अंधारांत गेला, आणि अंधारांत आईहि दगावली.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या गृहाची रीत येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. येणाऱ्या स्त्रीचें नांव त्यांनीं झांकलें. पण किती आल्या, किती मुलें जगलीं, कां मेलीं, हा हिशेब मात्र उघडपणें सांगितला. आज बहुतेकदां उलट घडतें : गांवांत नांवाची कुजबूज होते आणि आकडा कोणासच ठाऊक नसतो. नामपूरसारख्या गांवांतील मुलीस सरकारी रुग्णालयांत निर्धास्तपणें जातां आलें, तेथें तिचें नांव राखलें गेलें व तिची नोंद खरी झाली, तर १८६३ सालीं पुण्याच्या एका घरांत आरंभिलेलें काम पुढें गेलें असें म्हणतां येईल.