अमेरिकेचें यादवी युद्ध आणि खानदेशची काळी

घरांत इतिहासाचें पुस्तक उघडून बसलेलीं मुलें कांहीं ठराविक प्रश्न विचारतात, आणि ते ऐकतांना वडीलधाऱ्यांची थोडी तारांबळ उडते. अमेरिकेंत भाऊ भावाशीं कां लढला? लिंकननें गुलाम मुक्त केले ते दयेनें कीं राजकारणानें? आणि सात समुद्रांपलीकडच्या त्या कलहाशीं आपला संबंध काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें जगाच्या कोणत्याहि इतिहासांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर मात्र तापी-गिरणेच्या कांठीं, खानदेशच्या काळ्या जमिनींतच शोधावें लागतें. जळगांव-धुळ्याच्या वाचकांस तरी तो शोध परका वाटूं नये.

पहिल्या प्रश्नापासून आरंभ करूं. हें युद्ध घटक राज्यांच्या हक्कांसाठीं झालें, गुलामगिरी हें केवळ निमित्त, असें मत पुष्कळदां ऐकूं येतें. तें आम्हांस मान्य नाहीं. १८६० च्या खानेसुमारींत अमेरिकेंतील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरांत होती, आणि दक्षिणेचा बहुतेक कापूस त्यांच्या घामावर पिकत असे. नोव्हेंबर १८६० मध्यें लिंकन निवडून आला; डिसेंबरांत दक्षिण कॅरोलिना राज्य संघांतून फुटलें, आणि फुटण्याचीं जीं कारणें त्यानें प्रसिद्ध केलीं त्यांत गुलामगिरीचें रक्षण हेंच अग्रभागीं आहे. हक्क हवा होता हें खरें. पण तो माणसावर मालकी सांगण्याचा हक्क होता.

लिंकनविषयींचा प्रश्न याहून नाजूक आहे. १२ एप्रिल १८६१ रोजीं समटर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या तेव्हां संघराज्य राखणें हाच त्याचा उद्देश होता. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाहि बंडखोर प्रदेशांपुरताच होता. सर्व देशांतून गुलामगिरी गेली ती डिसेंबर १८६५ मध्यें, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें. मधल्या काळांत हजारों गुलाम स्वतः मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे पळाले, आणि सुमारें एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णी लोक त्या सैन्यांत शिपाई झाले. म्हणजे मुक्ति ही एकट्या लिंकनची देणगी नव्हे; तथापि प्रसंगानें जेथवर नेलें तेथवर जाण्याचें धैर्य त्यानें दाखविलें, हें त्याचें मोठेपण कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

आतां तिसरा प्रश्न. त्या काळीं लँकेशायरच्या गिरण्या म्हणजे जगाचें वस्त्रागार. १८६० सालीं इंग्लंडांत सुमारें १३९ कोटि पौंड कापूस आला. त्यांपैकीं १११ कोटि पौंड एकट्या अमेरिकेचा होता, आणि हिंदुस्थानचा वांटा अवघा वीस कोटींचा. युद्ध सुरू होतांच लिंकननें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि दक्षिणेनेंहि इंग्लंडास पेंचांत धरण्यासाठीं आरंभीं आपला माल अडवून ठेवला. गिरण्या थंडावल्या, कामगारांच्या चुली विझल्या. १८६२ मध्यें इंग्लंडांत आलेल्या सुमारें ५२ कोटि पौंडांपैकीं ३९ कोटि पौंड कापूस हिंदुस्थानचा होता. ज्या आंखूड धाग्याच्या कापसास मँचेस्टरचे गिरणीवाले आदल्या वर्षापर्यंत नाकें मुरडीत, त्याच्याचसाठीं ते आतां वाट पाहूं लागले.

खानदेश या प्रसंगास अगदीं अप्रस्तुत होता असें नाहीं. १८४० सालींच कंपनी सरकारनें अमेरिकेंतून दहा मळेवाले आणून हिंदुस्थानांत त्यांच्या पद्धतीची लागवड करून पाहिली होती. तो प्रयोग फारसा फळास आला नाहीं. धारवाडकडे मात्र अमेरिकन बीं रुजलें. खानदेशांत पुढें कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनीं हिंगणघाटचें बीं आणवून त्याचा प्रसार केला. लोहमार्ग तयार होत होता; घाटमाथ्यावरून मनमाड, चाळीसगांव, जळगांव, भुसावळ असा तो पुढें सरकत गेला. पण मुंबईस जाणारा माल थळघाटांत अडे. तेथील चढणीचा मार्ग खुला झाला तो १८६५ च्या आरंभीं, म्हणजे युद्ध संपण्यास जेमतेम तीन महिने उरले असतां. तोंवर घाट उतरण्यास बैलांचीच मान. धुळ्यास तर आगगाडी पोंचण्यास एकोणिसावें शतक सरावें लागलें.

तरीहि जळगांव या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनलें. लिव्हरपूलच्या बाजारांत अमेरिकन कापसाचा भाव पौंडास सात-आठ पेन्सांवरून १८६४ मध्यें तीस पेन्सांच्या आसपास गेला, आणि त्यामागोमाग आपला कापूसहि चढला. जेथें भाव तेथें भेसळ! सरकी, माती, पाणी घालून वजन वाढविण्याचा प्रकार इतका माजला कीं मुंबई सरकारास १८६३ सालीं त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. विणकराची मात्र उलटी गत झाली. सूत महागलें, आणि ज्या कापसानें शेजारच्या शेतकऱ्याचें घर हंसलें त्यानेंच कोष्ट्याचा माग बंद पाडला.

त्या दिवसांत शेतकऱ्यांनीं गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धांवा बसविल्या, अशी आख्यायिका कापसाच्या मुलखांत सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यावर फार विसंबणें बरें नव्हे. कापूस शेतांतून लिव्हरपुलास जाईपर्यंत सावकार, अडत्या, दलाल, मुंबईचा व्यापारी, जहाजवाला अशा किती हातांतून जाई! पुष्कळ शेतकऱ्यांचा माल तर वेचणीपूर्वींच सावकाराच्या वहींत जमा झालेला असे. पैसा आला यांत शंका नाहीं. पण चांदीची धांव ही पत वाढल्याची खूण होती, आणि पत वाढणें म्हणजे कर्ज वाढण्याची सोय.

मुंबईंत तर या पैशानें लोकांचें भान हरपलें. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखों रुपयांची उलाढाल होऊं लागली. आणि मग ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. एका देशांत शांतता झाली आणि दुसऱ्या देशांत हाहाकार उडाला! १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस; त्या दिवशीं मुंबईच्या कित्येक पेढ्यांचें पितळ उघडें पडलें. प्रेमचंदांचें दिवाळें निघालें, मुंबई बँक डबघाईस आली. जळगांवच्या पेठेसहि भाव कोसळल्याचा जबर फटका बसला.

भाव उतरले, पण कर्जें उतरलीं नाहींत. याचें कारण युद्धापूर्वींच घडून गेलें होतें. नव्या मोजणीनें जमीन रयतेच्या नांवें लागली. ती विकतां व गहाण टाकतां येऊं लागली. याच मोजणीस १८५२ सालीं सावदें, एरंडोल या भागांत रयतेनें विरोध केला होता. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्यांस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा कीं दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला. तेजीच्या दिवसांत केलेला आंगठा मंदीच्या दिवसांत गळफास ठरला.

१८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांच्या वह्या जळाल्या, त्याचें मूळ पुष्कळ लेखक थेट अमेरिकेच्या युद्धांत दाखवितात. येथें सावधपणें लिहिलें पाहिजे. तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतला. भीमथडीचा मुलूख मुख्यत्वें कापसाचा नव्हे, आणि कापसाचा खानदेश त्या दंग्याचें क्षेत्र नव्हता. १८७९ चा शेतकरी-ऋणनिवारणाचा कायदाहि प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसच लागू झाला. कापसाची तेजी हें अनेक कारणांपैकीं एक. एकमेव कारण म्हणणें हें इतिहासापेक्षां कथेस अधिक शोभतें.

तेजीनें सर्वच नेलें असेंहि नाहीं. लोहमार्ग राहिला, पेठ सांवरली, सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने निघाले, पुढें गिरणी उभी राहिली. १९०६ मध्यें खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हां पूर्व खानदेशाचें ठाणें जळगांवास आलें. आणि कापसाच्या गांठींपेक्षां मोलाची एक वस्तु त्याच युद्धांतून महाराष्ट्रास मिळाली. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला व तो गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. ज्या युद्धांत आमच्या व्यापाऱ्यांनीं भाव पाहिला, त्यांत जोतीरावांनीं माणूस पाहिला.

या कथेचा शेवट दोन्ही देशांत चमत्कारिक रीतीनें एक झाला. अमेरिकेंत मुक्त झालेल्या बहुतेकांस जमीन मिळाली नाहीं. ते परक्याची जमीन वांट्यानें करूं लागले आणि उभ्या पिकाच्या तारणावर दुकानदाराकडून दाणागोटा उचलूं लागले. मिसिसिपीच्या कांठचा तो स्वतंत्र मनुष्य आणि तापीच्या कांठचा आमचा खातेदार यांनीं एकमेकांचें नांवहि कधीं ऐकलें नसेल. पण दोघेहि एकच पीक काढीत, एकाच दूरच्या बाजाराकडे पाहत, आणि दोघांचाहि हिशेब दुसऱ्याच कोणाच्या वहींत लिहिला जाई.

म्हणून मुलानें पुन्हां विचारलें कीं, त्या युद्धाशीं आपला संबंध काय, तर त्यास प्रथम घराबाहेरची काळी दाखवावी. मग, घरांत जुनीं दप्तरें असल्यास, तींहि काढून दाखवावींत. आम्हां लिहित्या-वाचत्या घराण्यांपैकीं कित्येकांचे पूर्वज त्या वहीच्या कोणत्या बाजूस होते, आंगठा करणारांच्या कीं आंकडा लिहिणारांच्या, हें तींच सांगतील. हा प्रश्न कोणत्याहि परीक्षेंत येत नाहीं. तथापि त्याचें उत्तर देण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनाच जगाचा इतिहास आपला म्हणण्याचा अधिकार आहे असें आम्हांस वाटतें.