थोडक्या खर्चाच्या यात्रा



मुलांच्या सुट्ट्या जवळ आल्या की घरोघर एकच प्रश्न निघतो, यंदा कोठे जावयाचे? कोणी थंड हवेचे ठिकाण सुचवितो, कोणी पाण्याच्या खेळांचे उद्यान सुचवितो. मग कागद-पेन्सिल निघते. पाच माणसांची तिकिटे, तेथील जेवण, राहण्याचे भाडे यांची बेरीज झाली की पुष्कळ घरी "पुढच्या वर्षी पाहू" असे ठरते. आणि जाण्याचे ठरलेच, तर खर्च कमी करण्यासाठी यादीतून पहिले नाव गळते ते गृहिणीचे. घर सांभाळावयास कोणीतरी मागे राहिले पाहिजे ना! म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहावयास सांगण्यात आले, तेव्हा मी हाच विषय घेतला. आपल्या वसई-विरारच्या परिसरात थोडक्या खर्चात सर्व कुटुंबाने पाहावी अशी स्थळे कोणती, आणि त्यांचा इतिहास काय, हे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

आपले शहर मोठ्या भाग्याचे आहे. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा. महानगरपालिका २००९ साली झाली आणि पालघर जिल्हा २०१४ साली. पण या भूमीचा इतिहास त्याहून दोन हजार वर्षांनी तरी जुना आहे. आणि नवल असे की, या भूमीत सापडलेले सर्वांत जुने लेखन सहलीविषयीच आहे!

ही हकीकत प्रत्येक आईने मुलांना सांगावी अशी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी हे थोर संशोधक सोपाऱ्यास आले. तेथील भाटेला तळ्याजवळ त्यांना एका कोरीव शिलालेखाचा तुकडा मिळाला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. तुकडा लहान होता आणि त्यावरील शब्द तुटके होते; परंतु तोच लेख गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणी पूर्ण सापडला असल्यामुळे अर्थ लागला. सम्राट अशोकाच्या चौदा प्रमुख लेखांपैकी तो आठवा लेख होय. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील हा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत असत. विहारयात्रा म्हणजे मौजेची सहल. तीत शिकार आणि इतर करमणुकी चालत. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत तो काय करीत असे? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन घेऊन त्यांना दान देई, वृद्धांना भेटून त्यांना द्रव्य देई आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोले. यात मला अधिक आनंद वाटतो, असेही तो सांगतो. राजाला पैशाची ददात नव्हती. तरीही कोठे गेलो यापेक्षा कोणाला भेटलो आणि काय घेऊन-देऊन आलो, यावर त्याने सहलीची किंमत ठरविली. ही कसोटी आपणही लावून पाहू या.

प्रथम सोपाऱ्याचाच विचार करू. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेस, रिक्षाने किंवा बसने जाता येईल इतक्या अंतरावर, एक मोठा उंचवटा आहे. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. त्याच १८८२ साली भगवानलालांनी तो खणला, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. स्तूपाच्या पोटात एक दगडी करंडा निघाला. त्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती होत्या आणि मध्यभागी एकात एक ठेवलेल्या निरनिराळ्या धातूंच्या व स्फटिकाच्या डब्या होत्या. सर्वांत आतील डबी सोन्याची. तीत मातीच्या भिक्षापात्राची खापरे जपून ठेवलेली होती. बरोबर सोन्याची फुलेही होती. सोन्याच्या डबीत मातीची खापरे! मौल्यवान काय आणि क्षुल्लक काय, हे मुलांना शिकवावयास याहून चांगला पाठ मिळणार नाही.

सोपारे हे त्या काळी शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. ग्रीक लेखकांनाही ते ठाऊक होते. बौद्ध कथेत येथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. एक गृहस्थ आजारी पडला असता त्याच्या बायकामुलांनी त्याची उपेक्षा केली. घरातील दासीने मात्र मनोभावे शुश्रूषा करून त्याला बरे केले. पुढे तिच्या पोटी जन्मास आलेला मुलगा तोच पूर्ण. तो मोठा सागरी व्यापारी झाला, पुढे भिक्षू झाला, आणि त्याच्यामुळे बुद्धांसाठी या नगरीत चंदनाचा विहार उभा राहिला, अशी ही कथा आहे. स्तूपावर बसून मुलांना ती सांगावी. तेथे खेळणी नाहीत, खाण्याची दुकाने नाहीत. शिदोरी घरूनच न्यावी लागते. चारही बाजूंनी शहर वाढत आले आहे, तरी आत पाऊल टाकताच मन शांत होते. जवळच चक्रेश्वराचे देऊळ व तळे आहे. तेथील जुनी शिल्पेही आवर्जून पाहावी.

दुसरे स्थळ वसईचा किल्ला. वसई रोड स्टेशनवरून बसने तेथे जाता येते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्यांनी येथे दहा बुरुजांचे तटबंदीचे शहरच वसविले. मठ, दवाखाना, न्यायालय, वाडे आणि चर्चे यांचे अवशेष आज झाडाझुडपांत उभे आहेत. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्ये जमिनीवर बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरील अक्षरे आपल्याला वाचता आली नाहीत, तरी मुले बोटे फिरवून सन शोधून काढतात. जपानमध्ये १५९७ साली हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे सुपुत्र. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. आपल्या ख्रिस्ती शेजारणींच्या तोंडून त्यांची गोष्ट ऐकावी, म्हणजे ती अधिक गोड लागते.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला. महिनोगणती चाललेल्या त्या वेढ्यात दोन्ही बाजूंची फार माणसे पडली. सुरुंग लावून तट फोडावा लागला. एवढे होऊनही शरण आलेल्यांना आपल्या बायकामुलांसह व चीजवस्तूंसह सुखरूप बाहेर पडू दिले, ही गोष्ट विजयाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. येथील चर्चच्या घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील प्रसिद्ध घंटा, जिच्यावर १७२१ हा सन आहे, ती त्यांपैकीच. किल्ल्यात नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळ आहे. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मोठे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचे मानतात. पुढे १८०२ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. पेशवाईचे वैभव आणि तिचा ऱ्हास या दोहोंच्या खुणा एकाच गावात पाहावयास मिळतात. या सर्वांसाठी तिकीट नाही. वाटेत कोळणींकडून ताजी मासळी घेता आली, तर संध्याकाळच्या जेवणाची चिंताही मिटते.

तिसरे अर्नाळा. विरारहून बसने अर्नाळ्यास जावे आणि तेथून होडीने बेटावर. होडीला पैसे पडतात ते थोडेच. हा किल्ला प्रथम गुजरातच्या सुलतानांनी बांधला, नंतर तो पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३७ साली मराठ्यांनी घेऊन नव्याने बांधला. दरवाज्यावर देवनागरी शिलालेख आहे. मुलांना तो अक्षर अक्षर लावावयास सांगावा. आत अष्टकोनी तळे आहे. चारी बाजूंस खारे पाणी असताना गोड्या पाण्याची तरतूद कशी केली, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर आपोआप सुचतो. बेटावर कोळी बांधवांची नांदती वस्ती आहे. आपण पाहुणे आहोत हे विसरू नये, कचरा मागे ठेवू नये आणि परतीच्या होडीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

आता डोंगराकडे वळू. विरारची जीवदानी सर्वांच्या परिचयाची आहे. तेराशेच्या वर पायऱ्या चढून वर गेले की एकीकडे समुद्र व दुसरीकडे डोंगररांगा दिसतात. ज्येष्ठांसाठी वर जाण्याची यांत्रिक सोय आहे, तिला पैसे पडतात. पायऱ्या सर्वांना मोकळ्या. तुंगारेश्वराचे शिवमंदिर दाट रानात आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. २००३ साली हे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. हिवाळ्यातील सकाळ तेथे जावयास उत्तम. पावसाळ्यात मात्र येथील ओढ्यांपासून व चिंचोटीच्या धबधब्यापासून मुलांना दूरच ठेवावे. दरवर्षी तेथे जीव जातात, आणि बंदीची आज्ञा निघते ती आपल्याच हितासाठी.

या यादीत निर्मळची यात्रा न सांगून कसे चालेल? कार्तिक वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. शंकराचार्यांची समाधी, विमल तीर्थ, आणि आपल्या वसईची सुकेळी! येथे मला अशोकाच्या दुसऱ्या एका लेखाची आठवण होते. १९५६ साली आपल्याच तालुक्यातील भुईगावात त्याच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात तो म्हणतो की, आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करतात, आणि त्यातही स्त्रिया पुष्कळ क्षुल्लक विधी करतात. त्यांचे फळ थोडे.

महाराजांचा आदर राखून मला येथे आम्हा बायकांची बाजू मांडावीशी वाटते. आपल्या आज्यांना "मी फिरावयास जाते" असे म्हणण्याची सोय नव्हती. "देवाला जाते" असे म्हणता येत होते. निर्मळची यात्रा, नवरात्रातील जीवदानी, कार्तिकातील आवळीभोजन ही त्यांची सहल होती. उंबरठ्याबाहेरचे आकाश, माहेरची माणसे, चार मैत्रिणींशी मोकळे बोलणे त्यांना तेथेच मिळे. त्या विधीचे फळ थोडे होते असे मी तरी म्हणणार नाही. आज आपणांस देवाचे निमित्त लागत नाही. पण पैशाची सबब पुढे करून आपणच मागे राहू लागलो, तर आज्यांनी मिळविलेलेही आपण गमावू. १८६७ च्या एप्रिलपासून विरारहून मुंबईस गाडी धावते आहे. आपल्यातील कित्येकजणी रोज तिच्यातून कामाला जातात. महिन्यातून एक रविवार आपल्याच तालुक्यात पाय मोकळे करावयास काय हरकत आहे?

त्याच नवव्या लेखाचा पुढील भाग मात्र मला पूर्ण पटतो. खरे मंगल कशात आहे, हे सांगताना अशोक प्रथम दास व सेवक यांच्याशी नीट वागणे सांगतो, मग वडीलधाऱ्यांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या वर्षात वर सांगितलेल्यांपैकी चार ठिकाणी मंडळाने सहली काढाव्यात. प्रत्येकीने दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी अशी शिदोरी घरून आणावी. एकही सासूबाई "मी आता कोठे येऊ" म्हणून घरी राहू नयेत. स्तूप आणि किल्ला त्यांनाही झेपण्यासारखे आहेत. आणि आपल्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या भगिनींना व त्यांच्या मुलांना आपण बरोबर न्यावे, त्यांचे बसभाडे मंडळाने द्यावे आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी कोणी कापू नये. महागड्या ठिकाणी हे साधले नसते. येथे साधण्यासारखे आहे. ज्या नगरीने एका दासीच्या मुलाची कथा इतकी शतके जपली, त्या नगरीतील मंडळाला ही गोष्ट शोभून दिसेल.

पहिली सहल अर्थातच सोपाऱ्याच्या स्तूपाला असावी. मार्गशीर्षात ऊन मऊ असते. तारीख ठरविण्यासाठी पुढील मासिक सभेत हा विषय घ्यावा, अशी चिटणीसबाईंना विनंती आहे.