फेरफार केलेल्या मोटारीच्या इंजिनातील दोषनिदान

फेरफार केलेल्या मोटारीच्या इंजिनातील दोषनिदान म्हणजे अधिक शक्तीसाठी मूळ रचनेत बदल केलेल्या इंजिनातील बिघाडाचे कारण क्रमवार चाचण्यांनी शोधण्याची प्रक्रिया होय. टर्बोचार्जर बसवणे, मोठे इंजेक्टर, रुंद हवानलिका व वेगळा सायलेन्सर वापरणे आणि इंजिन नियंत्रण एककाच्या (ईसीयू) आज्ञावलीत बदल करणे हे अशा फेरफारांचे नेहमीचे प्रकार आहेत. या मोटारींना कारखान्याच्या पुस्तिकेतील प्रमाण मूल्ये पूर्णपणे लागू होत नाहीत. त्यामुळे केवळ दोषसंकेत वाचून सुटा भाग बदलण्याची पद्धत येथे अनेकदा अपुरी पडते.

दोषसंकेतांची मर्यादा

ओबीडी-२ प्रणालीतील पी०१७१ हा संकेत मिश्रणात इंधन कमी असल्याचे दर्शवतो. त्याचे कारण सांगत नाही. इंधनपंप अशक्त असणे किंवा इनटेक मॅनिफोल्डमधून हवा गळणे ही त्याची सामान्य कारणे आहेत. हवा मोजणारा सेन्सर मूळ व्यासापेक्षा रुंद नळीत बसवल्यास त्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग घटतो. ईसीयू प्रत्यक्षापेक्षा कमी हवा गृहीत धरते व इंधन कमी सोडते. याउलट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात गळती असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण योग्य असूनही हाच संकेत उमटू शकतो.

चाचण्यांचा क्रम

प्रथम शेवटचा बदल कोणता व तक्रार केव्हापासून सुरू झाली, याची नोंद घेतात. त्यानंतर इंजिनाची यांत्रिक स्थिती तपासतात. कॉम्प्रेशन चाचणीत सिलिंडरांमधील दाबात साधारण १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडून गळतीची जागा शोधतात. हवा सायलेन्सरमधून आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आल्यास पिस्टन रिंग, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास हेड गॅस्केट सदोष असण्याची शक्यता असते. यांत्रिक दोष नसल्यास हवागळती, इंधनदाब व स्पार्क प्लग या क्रमाने तपासणी होते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे आवश्यक मानले जाते. अन्यथा दोष कशामुळे दूर झाला हे निश्चित होत नाही.

नॉकिंगचा धोका

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा व इंधनाचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ लागते. टर्बो इंजिनात पूर्ण भाराला ते साधारण १२ : १ च्या आसपास ठेवतात, कारण जादा इंधनामुळे ज्वलनकक्षाचे तापमान आटोक्यात राहते. हे प्रमाण बिघडून नॉकिंग सुरू झाल्यास पिस्टन अल्पावधीत वितळू वा फुटू शकतो. म्हणून निदान पूर्ण होईपर्यंत मोटार पूर्ण भाराने चालवणे टाळतात. फोर्ज्ड पिस्टनचा थंड अवस्थेतील खडखडाट नॉक सेन्सरला फसवू शकतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारतातील संदर्भ

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला (ई२०) सुमारे १३.५ : १ हे प्रमाण लागते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या ईसीयूत हे इंधन वापरल्यास पूर्ण भाराला मिश्रण विरळ होण्याचा संभव असतो. नांदेड, लातूर यांसारख्या मराठवाड्यातील भागांत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. तापलेल्या हवेने नॉकिंगची प्रवृत्ती वाढत असल्याने चाचणीच्या वेळचे हवेचे तापमानही नोंदवणे उपयुक्त ठरते.

अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेतील इंधनावर चालणाऱ्या मोटारींत बहुधा मोटारसायकलचे इंजिन असते. पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधून जाणे बंधनकारक असल्याने मूळ इंधन नकाशा निरुपयोगी ठरतो. रिस्ट्रिक्टरनंतरची हवागळती नियमभंग तर ठरतेच, शिवाय मिश्रणही बिघडवते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही.