मोट, पाट आणि ठिबक : थेंबाचा हिशेब कुठे मांडायचा?

‘सिंचनाची सर्वांत कार्यक्षम पद्धत कोणती?’ पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले : ठिबक. वर्धा नदीकाठच्या तिवसा-मोर्शी-वरुड पट्ट्यात मात्र हे उत्तर अडखळते.

आधी मोट पाहू. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जाई, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत पोचे. दिवसभर राबून भिजे ते थोडेसे बागाईत : मिरची, भाजीपाला, संत्र्याची मोजकी झाडे. कपाशी आणि ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या पावसावरच येत. श्रमांच्या हिशेबाने मोट अगदीच अकार्यक्षम होती. पण तिला एक अंगभूत लगाम होता. बैल थकत, आणि तेवढ्यात विहिरीचे झरे पुन्हा भरत.

हा लगाम आधी तेलाच्या इंजिनाने सैल केला, मग वीजपंपाने तोडला. पुढे वीजबिलाची आकारणी अश्वशक्तीवर ठोक झाली, तेव्हा पंप आणखी एक तास चालवण्याची किंमत जवळपास शून्यावर आली. विहीर आटली की बोअर, बोअर आटले की आणखी खोल बोअर.

त्यानंतर ठिबक आले. १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांनी विकसित केलेल्या या तंत्रात सुमारे ९० टक्के पाणी मुळांपाशी पोचते. मोकाट पाण्यात हे प्रमाण ३५-४० टक्क्यांच्या आसपास धरतात. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत ठिबक रुजले. तरीही भूजल सर्वेक्षणांत याच तालुक्यांवर ‘अतिशोषित’ असा शिक्का बसला. कोड्याची उकल कोळशात सापडते! वाफेची यंत्रे काटकसरी झाली की कोळशाचा एकूण खप वाढतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्येच दाखवले होते. झाडामागे पाणी वाचले की शेतकरी झाडे वाढवतो. त्यात त्याचा दोष कसला? वाचलेले पाणी विहिरीतच ठेवण्याचा मोबदला त्याला कोणीही देत नाही.

राहिला कालवा. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण झाले आणि त्याच्या लाभक्षेत्रात तिवसाही आले. कागदावर कालव्याची कार्यक्षमता सर्वांत कमी, कारण वाटेतील पाझर ‘तोटा’ म्हणून लिहितात. तोच पाझर खालच्या शिवारातील विहिरींना पाणी देतो. (पाझर सर्वत्र वरदान असतो असेही नव्हे. नीरा कालव्यावर उसाच्या अतिसिंचनाने जमिनी चिबड झाल्या होत्या.)

आता राज्यात उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिका टाकण्याचे धोरण आहे. त्याने गळती थांबेल, हे खरेच. पण त्या गळतीवर भरणाऱ्या विहिरी अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात लिहिल्या जातात?