अन्न-असुरक्षितता : दिल्ली परिसरातील कुटुंबांचे उपाय
दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागातील मजूर कुटुंबांत मिळकत आटली की आधी दूध, डाळ, भाजी कमी होते. पोळी-बटाट्यावर भागवले जाते. तेल-मसाला रोजच्यापुरता सुटा घेतात, आणि तो महागच पडतो. पुढे वाण्याची उधारी, कर्ज, गावाहून आणलेले धान्य, गुरुद्वारातील लंगर यांचा आधार घेतला जातो. ताटातली कपात बहुधा घरातल्या बाईपासून सुरू होते. म्हणूनच ही कपात बाहेर दिसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. पण स्थलांतरितांचे रेशनकार्ड बरेचदा गावीच असते. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली सरकारने कार्ड नसलेल्यांना ई-कूपनवर धान्य दिले. जुलै २०२१ पासून दिल्लीत परराज्यांतील कार्डही चालू लागले.